पाच पॉइंट एक

वडनेर भोलजीच्या फाट्यावर महादेवराव शिंप्यांचं दुकान आहे, दहा बाय आठचं. दहा बाय आठ म्हणजे फूट, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि त्याच दुकानाच्या उंबऱ्यावर बसून नागसेन तायडे रोज संध्याकाळी फुटाविरुद्ध बोलायचा.

नागसेन सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, नांदुऱ्याच्या एका ठेकेदाराकडे साइटवर देखरेखीला होता. कामावरून परतताना तो फाट्यावर उतरायचा आणि घरी जाण्याआधी तासभर महादेवरावांशी वाद घालायचा. त्याचं म्हणणं असं, की सरकारनं मीटर, लिटर, किलो आणून साठ वर्षं उलटली. शेर गेले, मण गेले, कुणाचं काही अडलं नाही. मग फूट आणि इंच तेवढे घरजावई करून काय ठेवलेत? आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, कशाचा कशाला मेळ नाही. दहाच्या हिशेबात टिंब सरकवलं की काम झालं.

महादेवराव मशीनचा पाय न थांबवता ऐकायचे. मग तोंडातली टाचणी काढून एकच प्रश्न विचारायचे, की साइटवर रेती कशानं मोजतोस. रेती ब्रासनं येते आणि शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, हे नागसेनला कबूल करावं लागायचं.

"तुमी तं कापड मीटरनं घेता आन शिवता इंचानं," नागसेन चिडून म्हणायचा. "मधात किती कापड मरते त्याचा काही हिशेब?"

"मरते ना. त्या मेलेल्या कापडाच्याच तुह्या लहानपनी चड्ड्या शिवल्या म्या."

नागसेनची धाकटी बहीण अर्पिता दुपारपासून त्याच दुकानात काज-बटणाचं काम करायची. हे भांडण तिला तोंडपाठ होतं. हसून हसून कधी सुई बोटात जायची. या भांडणाच्या मधोमध एक दिवस आपली नोकरी येऊन उभी राहील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

अर्पिताला पोलीस व्हायचं होतं. वडील ती लहान असतानाच वारले होते. आई कलाबाई लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून दोघांना शिकवत आली होती. अर्पिता दोन वर्षं रोज पहाटे शेतरस्त्यानं धावत होती. आठशे मीटर ती पावणेतीन मिनिटांच्या आत काढायची आणि गोळाही बऱ्यापैकी फेकायची. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. उरली होती ती उंचीची अट. स्त्री उमेदवाराला किमान एकशे पंचावन्न सेंटिमीटर, त्याखाली एक केसही चालत नाही.

ही अट त्यांनी दोन वर्षांपूर्वीच तपासून घेतली होती. महादेवरावांनी फितीनं माप घेऊन सांगितलं होतं, पाच एक. नागसेननं ते मोबाइलवर टाकलं, तीस पॉइंट अठ्ठेचाळीसनं गुणलं आणि उत्तर आलं एकशे पंचावन्न पॉइंट चार चार आठ. "अर्धा सेंटिमीटर हातचा ठेवून पास हायेस," असं त्यानं बहिणीला सांगितलं. त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या भरवशावर अर्पिता दोन वर्षं धावली.

फेब्रुवारीत मैदानी चाचणीचं प्रवेशपत्र आलं. बारा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी अर्पिता जादा सराव म्हणून धावून नुकतीच घरी आली होती आणि नागसेन साइटवरून स्टीलचा टेप घेऊन आला होता. सहज म्हणून त्यानं तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवला आणि पेन्सिलीची रेघ मारली. टेप लावला. एकशे चोपन्न पॉइंट चार.

त्यानं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग टेपच्या टोकाची पत्र्याची कडी ढिली आहे का ते पाहिलं. टेपचा दोष नव्हता.

"मंग ते एकशे पंचावन्न कुठून आलं होतं?" अर्पितानं विचारलं. नागसेननं मोबाइल काढला, पाच पॉइंट एक दाबलं आणि गुणाकार तिच्यापुढे धरला. अर्पितानं तो आज पहिल्यांदा पाहिला. दोन वर्षं इंचाच्या फितीशेजारी बसलेल्या मुलीला चूक दिसायला काही क्षणही लागले नाहीत.

"दादा, पाच एक म्हंजे पाच पॉइंट एक नाई," ती म्हणाली. "फुटात बारा इंच असते. तू दहा धरले."

नागसेननं बारा धरून पुन्हा मांडलं. पाच फूट एक इंच म्हणजे एकशे चोपन्न पॉइंट नऊ चार. हातचा अर्धा सेंटिमीटर कधी नव्हताच. उलट महादेवरावांचं माप सुताला सूत बरोबर धरलं, तरी अट एका केसानं हुकत होती. आणि समोरच्या चौकटीवर तर त्याहूनही अर्धा सेंटिमीटर कमी भरलं होतं. जो माणूस दहाच्या हिशेबाचे गोडवे गात गावभर फिरला, त्यानंच तो हिशेब बाराच्या पोटात घातला होता. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो फाट्यावर उतरला नाही, मागच्या वाटेनं घरी आला. 

अर्पिता मात्र त्या दुपारी नेहमीसारखी दुकानात गेली होती. काजं करायला घेतली आणि तिसऱ्या काजाला रडू आलं. महादेवरावांनी मशीन थांबवली. तिनं सगळं सांगितलं, भावाची चूकही सांगितली. एवढा मोठा मोका हातात आला असताना महादेवराव नागसेनला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "माप कवा घेतलं?"

"काल संध्याकायी. धावून आल्यावर."

"मंग ते माप कायचं," महादेवराव म्हणाले, आणि त्यांनी तिला एका नवरदेवाची गोष्ट सांगितली.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. वडनेरच्याच एका मुलाची शेरवानी महादेवरावांनी शिवली होती. मुलगा दिवसभर कापसाच्या गाड्या भरून संध्याकाळी माप द्यायला आला होता. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप अगदी चोख घेतलं. लग्नाच्या दिवशी सकाळी सकाळी त्यानं ती घातली, तर गुडघ्याच्या वर तीन-साडेतीन सूत आखूड. वराच्या मामानं मांडवात चार माणसांत शिंप्याचा उद्धार केला. महादेवरावांनी शेरवानी परत मोजली, ती बरोबर होती. म्हणजे नवरदेव वाढला होता. तेव्हापासून त्यांनी दहा-बारा गिऱ्हाइकांची मापं सकाळ-संध्याकाळ घेऊन पाहिली आणि एक नियम धरला: लांब कपड्याचं माप सकाळीच घ्यायचं. "मानूस दिवसभर उभा राह्यला, ओझं वाह्यलं, का दबते," ते म्हणाले. "रातभर आडवा पडला का उसवते."

त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते स्वतः तायड्यांच्या घरी गेले. नागसेन आतल्या खोलीत होता. महादेवरावांनी त्याला बाहेर बोलावलं नाही, तेच आत गेले आणि खाटेवर टेकले. त्यांनी खिशातून आपली फीत काढून नागसेनच्या मांडीवर ठेवली. पंधरा वर्षांची कापडी फीत, ओढून ओढून ताणलेली, काही आकडे पुसून गेलेले.

"इंजिनेर, इच्यावर आता एका सुताचा भरवसा नाई राह्यला," ते म्हणाले. "आपल्याले सुताहून बारीक पाह्यचं हाय. तुह्या मिलिमीटरबिगर हे काम होनार नाई. उठ."

नागसेन उठला.

पुढचे आठ दिवस तायड्यांच्या घरात मापाचंच राज्य होतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा चढत गेल्या आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहिली गेली. अर्पिता अंथरुणातून उठली की पहिलं पाऊल चौकटीकडे टाकायची: एकशे पंचावन्न पॉइंट पाच. पाऊण तास वावरल्यावर एकशे पंचावन्न पॉइंट एक. तीन तासांनी एकशे चोपन्न पॉइंट आठ. संध्याकाळी एकशे चोपन्न पॉइंट चार. कमी-जास्त रोज हेच. सकाळ-संध्याकाळचा फरक अकरा मिलिमीटरचा निघाला. नागसेननं त्याचे सूत केले, तर साडेतीन भरले. तो वही घेऊन रात्रीच्या जेवणाआधीच महादेवरावांकडे गेला आणि नवरदेवाच्या शेरवानीचा आकडा बरोबर होता, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. नागसेननं महादेवरावांना बरोबर ठरवल्याची ही पहिलीच वेळ. महादेवरावांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, त्याला तिथंच जेवायला बसवलं.

आता प्रश्न उरला तो बुलढाण्याला पोहोचण्याचा. बोलावणं सकाळी सातचं. वडनेरहून नांदुरा, मोताळा करत वर राजूर घाट चढायचा. एसटीनं जायचं तर चारला उठायचं, थांब्यावर उभं राहायचं, गर्दीत उभ्यानं हादरे खायचे. मैदानावर पोहोचेपर्यंत तीन तास व्हायचे आणि तीन तासांची रेघ अटीच्या खाली होती. यातून वाट एकच होती. अर्पितानं मापाच्या वेळेपर्यंत उभंच राहायचं नाही. तिला निजल्या जागेवरून निजलेलीच न्यायची.

महादेवरावांचा पुतण्या प्रज्वल पिकअपमधून बुलढाण्याच्या बाजारात भाजी न्यायचा. त्यानं लगेच होकार दिला. अडचण कलाबाईंची होती. तरण्याताठ्या लेकीला आडवी घालून, चौघांनी उचलून गाडीत ठेवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. असं फक्त एकदाच नेतात माणसाला, असं त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या. अर्पितानं त्यांना चौकटीजवळ नेलं, वरची रेघ आणि खालची रेघ दाखवली. दोन्हींच्या मध्ये एक बोटही नीट मावत नव्हतं. कलाबाईंनी त्या जागेवर बोट ठेवून पाहिलं.

"बरं, पडून जाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पन रस्ताभर डोये उघडे ठेवजो."

निघायच्या दिवशी पहाटे साडेचारला पिकअप दाराशी लागली. प्रज्वलनं वांग्यांची आणि टमाट्यांची कॅरेट दोन्ही बाजूंना सारून मध्ये जागा केली होती. खाली बारदान, त्यावर गवताचा थर, त्यावर कलाबाईंची गोधडी. नागसेन, महादेवराव, प्रज्वल आणि कलाबाई असे चौघे सतरंजीच्या चार टोकांना लागले आणि अर्पिताला अंथरुणासकट गाडीत ठेवलं. अंबूबाईंनी तिच्या अंगावर आणखी एक चादर टाकली. महादेवराव वाकून म्हणाले, की मैदानावर टाचा भिंतीला लावायच्या, श्वास भरून घ्यायचा, पण पायाच्या बोटांवर चढायचं नाही. मापात लबाडी केली की कपडा कुठेतरी ओढतोच. ते दुकान उघडायला मागे राहिले.

अर्पितानं आईला दिलेला शब्द पाळला. भाजीच्या वासात ती डोळे उघडे ठेवून पडून राहिली. वर विजेच्या तारा आणि मावळत चाललेल्या चांदण्या मागे सरकत होत्या. गाडी इतकी हळू जात होती, की एरवी प्रज्वलच्या मागे लागणारी कुत्रीही कंटाळून परत फिरली. खड्डा आला की प्रज्वल जवळजवळ थांबायचा. वांग्यांसाठी त्यानं असं कधी केलं नव्हतं आणि त्या दिवशी त्याचा माल बाजारात उशिरा पोहोचणार होता. हे त्यानं सांगितलं नाही. पुढं बसलेल्या नागसेनला तो वारंवार घड्याळ पाहताना दिसला, एवढंच.

मोताळ्याजवळ कापसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होता. ट्रॅक्टरवाल्यानं पिकअपमध्ये चादर ओढून पडलेली मुलगी आणि उशाशी बसलेली आई पाहिली. त्याला वाटलं, पेशंटला दवाखान्यात नेत आहेत. कोणत्या दवाखान्यात, असं त्यानं विचारलं. कलाबाईंना खोटं बोलता येईना आणि खरं सांगायला फार वेळ लागला असता. त्या म्हणाल्या, "बुलढाण्याले चाललो, भाऊ." त्यानं धावत जाऊन ट्रॅक्टर कडेला घेतला, मागच्या दोन गाड्याही हटवायला लावल्या आणि पिकअप शेजारून जाताना म्हणाला, "घाबरू नको बाई, बरी होईन पोरगी." अर्पिताला लाज वाटली. पण त्या अनोळखी माणसाचं वाक्य घाट चढेपर्यंत तिच्या मनातून गेलं नाही.

मैदानाच्या फाटकाशी तिला पहिल्यांदा उभं राहावं लागलं. सहा वाजून चाळीस मिनिटं. नागसेननं वेळ वहीत टिपली. आई आणि भाऊ बाहेर तारेपाशी थांबले, अर्पिता आत गेली. कागद तपासायची रांग लावून ती पुढच्या पटांगणात आली आणि जागच्या जागी थांबली. उंची मोजायच्या तंबूबाहेर पन्नास-साठ मुली गवतावर ओळीनं आडव्या पडल्या होत्या. सगळ्या उताण्या, हात अंगाला लावून, कुणाच्या तोंडावर ओढणी. कुणी साखरखेर्ड्याकडून आली होती, कुणी आणखी लांबून. आपण जगावेगळं काही करतो आहोत, असं तिला आठ दिवस वाटत आलं होतं.

ती बिचकत उभी होती. तेव्हा नावं पुकारणारी महिला शिपाई जवळ आली. चाळिशीची, कडक इस्त्रीची. अर्पिताला वाटलं, ही आता ओरडणार.

"उभी काऊन? पड," ती हळूच म्हणाली. "तुह्या नंबरले येळ हाय. मीबी अशीच पडून आली होती, मेटॅडोरमधी."

अर्पिता गवतावर पडली. दव होतं, पाठ ओली झाली. ती तशीच पडून राहिली.

नंबर आला तेव्हा ती उठली आणि सात पावलं चालून मोजपट्टीखाली उभी राहिली. वेणी पुढे घेतली. टाचा लावल्या. बोटांवर चढली नाही. वरची पट्टी सरकत खाली आली आणि डोक्याला टेकली. मोजणाऱ्या बाईंनी चष्मा सारखा करून आकडा वाचला. अर्पितानं डोळे मिटले नव्हते, पण समोरचं तिला काही दिसत नव्हतं.

"एकशे पंचावन्न पॉइंट एक," बाई म्हणाल्या. टेबलावरच्या माणसानं ते पुन्हा उच्चारून लिहून घेतलं. "पात्र. पुढं चला."

पुढं आठशे मीटरचं मैदान होतं. तिथं जाता जाता अर्पिताच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हा वरचा एक मिलिमीटर आपला नाही. तो प्रज्वलनं चुकवलेल्या खड्ड्यांतला आहे की आईच्या गोधडीतला? ट्रॅक्टरवाल्यानं वाचवलेल्या दहा मिनिटांतला, की त्या शिपाईबाईच्या शब्दातला? आणि वीस वर्षांपूर्वी मांडवात शिव्या खाऊनही जो शिंपी गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा मोजत बसला, त्याचा त्यात किती वाटा? तिला वाटणी करता येईना. एवढीशी जागा, आणि तिच्यात इतकी माणसं उभी होती. धावायच्या आधी रडायचं नसतं, श्वास तुटतो, म्हणून तिनं नाक ओढलं आणि तारेच्या कुंपणाकडे वळली.

पलीकडे कलाबाई तार धरून उभ्या होत्या. "किती भरली व?" त्यांनी विचारलं.

"एकशे पंचावन्न पॉइंट एक."

"म्हंजे किती?"

"पुरली, माय," अर्पिता म्हणाली. कलाबाईंनी तारेतून हात घालून तिच्या पाठीला चिकटलेलं गवत झाडलं आणि तोंडावरून हात फिरवला.

 नागसेननं वही गुडघ्यावर ठेवली होती आणि तो पेननं मांडत होता. सेंटिमीटरचे इंच केले, इंचांना बारानं भागलं, राहिलेल्याला आठनं गुणलं. एकदा केलं, पुन्हा खालून वर तपासलं. मग त्यानं फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो बंद पडला.

"काका," नागसेन म्हणाला, "पाच फूट एक इंच. आन वर अर्धं सूत."

महादेवराव त्यावर काय म्हणाले, ते अर्पिताला ऐकू आलं नाही. तिच्या तुकडीची शिट्टी झाली होती.